आडव्या गप्पा

फिलोमिनकडे गेलं की मी आता खुर्ची शोधत नाही.
चपला पायरीवर, पिशवी खुंटीला,
आणि तिच्या शेजारी सरळ लादीवर पाठ टेकते.
कौलांकडे बघत आम्ही बोलतो.
वाटेनं जाणारा वाकून बघतो : भर दुपारी दोन बायका,
सुकत घातलेल्या सोलांसारख्या.

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात
वीस वर्षं माझा पाट तिच्या पाटाला लागून.
हात तिचा जलद. गर अख्खा, तुकडा क्वचित.
बोटांवरचा काळा डीक राखेनं, तेलानं जायचा.
कमरेत बसलेलं कशानंच गेलं नाही.

सुरुवातीला मी उपाय घेऊन जायचे.
निगडीचा पाला. कुडाळचा हाडवैद्य.
भावजयीच्या बहिणीला गुण आलेला पट्टा.
ती सगळं नीट ऐकायची, "बरां" म्हणायची,
आणि पट्टा वरच्या फळीवर ठेवायची
आधीच्या तीन पट्ट्यांवर.
खालच्या फळ्या तिच्या राहिल्या नव्हत्या,
हे मला फार उशिरा दिसलं.

मग मी शहाणपणा केला.
म्हटलं, दुखणं भरतीसारखं असतं गो, येतं, ओसरतं.
ती हसली, हसतानाही कंबर धरून.
"भरतीक टायम आसता.
रापणकार तिथ बघून पाण्यात उतरतत.
माझी तिथ माका खंय गावतली?"

आणखी एक आहे, सांगून टाकते.
आंतोनच्या मुलीच्या लग्नात ती निळी साडी नेसून आली,
अबोलीचा वळेसर, सगळ्यांशी हसून.
"बरी दिसतेस की! मग दुखतं कुठं?"
कुणीतरी विचारलं. मी गप्प राहिले.
गप्प राहिले, कारण आतून मलाही तेच वाटलं होतं.
त्या एका संध्याकाळीचे तीन दिवस
तिनं अंथरुणात फेडले, हे नंतर कळलं.

पुढच्या एका बुधवारी मी मागच्या दारानं गेले.
तिच्या हातून चमचा पडला होता.
ती त्याच्याकडे बघत उभी होती,
विहिरीत सुटलेल्या कळशीकडे बघावं तशी.
मग तिनं दुसरा चमचा घेतला.
मी आल्या पावली फिरले
आणि पुढच्या दारानं आले, लांबूनच हाक मारत.
शनिवारी चमचा तिथंच होता.
मी उचलला, धुतला.
दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही.

तेव्हापासून पाला नाही, पत्ते नाहीत.
बादली चिऱ्यावर चढवून ठेवते,
पिठाचा डबा खालून वर.
विचारते, "आज खंयसर?"
बंदरापर्यंत म्हणून निघतो, साकवावरून परत येतो.
ती कठड्याला रेलते तेव्हा
मी चपलेतला खडा काढत बसते.
खडा नसतो. तिला माहीत आहे.

काही दिवस दार उघडत नाही.
आतून आवाज : "आज नको."
पहिल्यांदा मला राग आला होता, इतक्या उन्हातून आले म्हणून.
आता पायरीवर आंबोळ्यांचा डबा ठेवते,
"मी गेले गो" असं मोठ्यानं सांगते
आणि खरंच जाते.

आज दार उघडं होतं.
फुटक्या कौलातून आलेला उन्हाचा रुपयाएवढा ठिपका
मघाशी तिच्या पोटावर होता,
आता माझ्या मनगटावर सरकलाय.
ती मुकादमाची नक्कल करते आहे, आडव्यानंच,
आणि मला दम देते, हसू नकोस,
तू हसलीस की मला हसू येतं, आणि मग कळ.
मी ओठ दाबते.
तीच आधी फुटते.

रस्त्यावर मासेवाल्याच्या स्कूटरचा भोंगा.
बांगडे असतील, ताजे. मी कोपरावर उठते.
"पड गो," डोळे मिटूनच ती म्हणते.
"बांगडे फाल्या पण येतले."