दोन बोटं माया

त्रिएस्तेत बोरा वारा सुटला
की दरवान मागच्या दाराला दोरखंड बांधतो.
बातम्या तरी आत येतात.
त्यांना कुठे दार लागतं.

आजची ताजी: फियामेत्ता दोरिगोने
शनिवारचा प्रयोग सोडला.
विग विंचरता विंचरता लीचा म्हणाली, आवाज बसलाय,
वरचा स्वर परवा नुसत्या हवेचा निघाला.
बासरीवाला म्हणतो, कसला आवाज, मानधन.
कोरसमधल्या बायकांचे दोन तट:
अर्ध्यांच्या मते वाद्यवृंदाच्या संचालकाशी भांडण,
अर्ध्यांच्या मते भांडण नाही, तेच तर कारण.
एजिदिओ, जो रंगमंचाच्या पोटातल्या खोक्यात बसून
चाळीस वर्षं दुसऱ्यांना शब्द पुरवतो,
त्याने ह्याही वेळी पुरवला: "मिलान."
झालं. कॉफी यायच्या आत
तिने तिकडे करार केलेला, घर घेतलेलं,
घराला बाल्कनीसुद्धा.

टोप्यांना लावायची पिसं आमच्याकडे पोत्याने.
कावळे करायला वेळ लागत नाही.

मला विचारतात, नेवेंका, तुला ठाऊक असणार.
माझ्या तोंडात टाचण्या असतात.
चार टाचण्या ओठांत धरल्या की
माणूस आपोआप विश्वासू होतो.

एकतीस वर्षं कपडेपटात.
टेनर उल्देरिको कमर सांगतो छत्तीस, माझी टेप सांगते बेचाळीस,
मी झगडत नाही, वहीत बेचाळीस लिहून
वही त्याला दाखवत नाही.
बॅरिटोनचं घर मोडलं ते मला
त्याच्या कॉलरवरून कळलं: इस्त्रीचा हात बदलला होता.
गाणाऱ्याचा गळा सगळ्यांना ऐकू येतो,
बरगड्या माझ्या हाताला लागतात.

सप्टेंबरात फियामेत्ताला मापाला उभी केली,
तिसऱ्या अंकाचा हिरवा रेशमी झगा.
(जांभळा नव्हे. जांभळा धागाही आमच्या थिएटरात
कुणी आणत नाही.)
टेप कमरेभोवती फिरली
आणि दोन बोटं पुढे गेली.
ती आरशातून माझ्याकडे पाहत होती.
मी आरशातून टेपकडे.
"माया आहे ना आत?"
"आहे," म्हटलं. "मी नेहमी सोडते."

त्या रात्री टीप उसवली.
आत दडून राहिलेलं कापड
बाहेरच्यापेक्षा कितीतरी हिरवं निघालं.
वहीत आकडा लिहिला नाही.

ऑक्टोबरात पुन्हा बोटभर.
त्या रात्री मी विंगेतून ऐकलं,
तो वरचा स्वर तिने असा लावला
की एजिदिओ खोक्यात
बोट ठेवलेली ओळ विसरला.
आवाज बसलाय म्हणे.

मग हा गुरुवार.
भर दुपारी आली, कोट न काढता
झगा माझ्या टेबलावर ठेवला.
"पूर्वीसारखा कर, नेवेंका."
मी टेपकडे हात नेला, तर म्हणाली,
"माप कशाला? पूर्वीचं आहे तुझ्याकडे."
जिन्यावर तिची टाच एकदा अडखळली.
मी उठले नाही. उठायला हवं होतं बहुतेक.

आता लीचा सांगतेय,
मिलानच्या बाल्कनीतून कालवा दिसतो.

मशीन नको वाटलं. हातानेच घालतेय,
आधी धावदोरा, मग बारीक टाके.
रेशमात जुन्या टाक्यांची भोकं बुजत नाहीत.
तिसऱ्या रांगेपासून दिसणार नाहीत म्हणा.
जास्तीचं कापड कात्रीने उडवायचं असतं,
मी आत दुमडलं.
कुशीला किंचित जाड लागेल.
श्वास भरताना तिला कळेल.

"काय गं, तुला काही कळलं का?"
लीचा दारात.
मी ओठांकडे बोट दाखवते.
टाचण्या.