अडीच फेरे

शटर ओढायला शिकवण्याआधी
बोस्त्यांव मिस्त्रीनं मला उभं राहायला शिकवलं.
पान्याच्या रेषेत नाही रे. बाजूला.
त्याच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं.
उरलेल्या दीडाबद्दल विचारलं तर म्हणायचा,
मडगावला एका बेकरीच्या पायपात राहिली,
परत मागायला गेलो नाही.

वास्कोत हे काम सरत नाही.
खारीवाड्याकडून मीठ येतं, बंदराकडून कोळशाची भुकटी,
दोन्ही डब्यात शिरून
स्प्रिंगची पट्टी आतून चाटत बसतात.
मग एखाद्या रात्री, दोनच्या सुमाराला,
रस्त्यावर कुणी नसताना
बंदुकीसारखा एकच आवाज.
सकाळी दुकानदार फोनवर ओरडतो: काल तर बरं होतं!
काल बरं नव्हतं.
काल तुटलं नव्हतं, एवढंच.

लोकांना वाटतं, दुकान बंद झालं की सगळं निजतं.
उलट आहे.
शटर वर असतं, मालक नोटा मोजत असतो,
तेव्हा ती वर आळसावलेली.
नऊला मालक शटर खाली ओढतो, कुलूप घालून जेवायला जातो,
आणि तिची पाळी सुरू होते.
मुंडवेलवरून मी घरी चालतो तेव्हा
दोन्ही हातांना पीळ भरून बसलेलं लोखंड,
मध्ये मी आणि कुत्री.

सेवेरिनाबायच्या दुकानाला दोन कुलपं होती.
उजवं तिचं, डावं भावाचं.
जाळ्याचा दोरा, गळ, शिसं विकायचं दुकान,
नऊ वर्षं कोर्टात.
मधल्या काळात भाऊ गेला. कुलूप राहिलं.
निकाल लागला त्या आठवड्यात ती आली,
मागून भाचा आला, बापाची किल्ली घेऊन.
एकमेकांकडे न बघता दोघं वाकले,
मी दोघांच्या मध्ये रॉकेलची बाटली धरून.

"पयस रावात," मिस्त्री म्हणाला.

दुसरं कुलूप सुटलं
आणि शटर, कुणी हात न लावता,
गुडघ्यापर्यंत वर आलं.

भाचा दोन पावलं मागे.
सेवेरिनाबायचं बोट कपाळावर, मग छातीवर,
खांद्यापर्यंत पोचलंच नाही.
मिस्त्री उकिडवा बसून खालून बघत होता:
तळाच्या पट्ट्या गंजून पापडासारख्या गळालेल्या.
"भूत ना," तो म्हणाला. "वजन गेलंय. पीळ तेवढाच."

सुंभाची ती म्हण त्याला ठाऊक नसावी.
त्यानं सरळ विचारलं:
नव्या पट्ट्या घालू, की पीळ उतरवू?
"स्वस्त काय?" भाचा.
"पीळ उतरवणं जवळजवळ फुकट.
पण मग खाली फट राहते. पाणी येतं, मांजर येतं."
सेवेरिनाबाय वाकून आत बघत होती.
काउंटरवर तराजू,
एका पारड्यात कुणाचं तरी अर्धवट तोललेलं शिसं,
दुसरं पारडं वर.
"पट्ट्या घाल," ती म्हणाली.
आणि बऱ्याच वेळानं,
"अर्धे पैसे हा देईल."
भाचा काही बोलला नाही. नाही म्हणाला नाही.

शनिवारी पट्ट्या आल्या.
मिस्त्री शिडीवर, पाना पायपाला,
मी बाजूला उभा राहून मोठ्यानं मोजायचं.
एक.
दीड.
मोजताना दुसरं काही बोलायचं नाही,
माशी बसली तरी.
दोन.
अडीचला त्यानं क्लॅम्प आवळला.
जास्त दिलं तर शटर हातातून पळतं,
कमी दिलं तर म्हातारीची कंबर जाते.
बाजूच्या चॅनलला मी ग्रीस लावलं, उरलेलं पँटला.

मग ती परीक्षा, जी त्यानं कधी चुकवली नाही:
दहा फुटी शटर अर्ध्यावर आणून
हात सोडून द्यायचे.
थांबलं.
वर नाही, खाली नाही.
बोस्त्यांवनं विडी पेटवली, अर्धी ओढेपर्यंत पाहत राहिला,
तसंच होतं.

भाचा मान वाकवून आत गेला.
सेवेरिनाबाय ठेंगणी,
तिला वाकावं लागलं नाही.