कपडेपटाची वही

बुधवारात आमचं दुकान. राजांचे अंगरखे, दाढ्या,
एक माकडाची शेपटी. सगळं भाड्यानं.
ठका कडूसकर पहिल्यांदा आला तेव्हा मी लिहिलं:
एक कोट, काळा, उजवी बाही आखूड.
धड असलेला दाखवला तर म्हणाला, नको,
माणसं बाहीलाच हसतात,
मला फक्त हात वर करायचा असतो.

फडात तो सोंगाड्या, गवळणीत मावशी.
मी बघितलाय त्याला.
एक वाक्य टाकायचा, थांबायचा,
ढोलकीवाल्याकडं बघायचा, जणू चूक त्याचीच,
आणि मागच्या बाकड्यांवरनं हशा यायचा
मंडईत बटाट्याचं पोतं उलटावं तसा.

मग एरंडवण्यातल्या स्टुडिओतनं बोलावणं.
हवालदार. दोन वाक्यं.
पहिलं म्हटलं आणि थांबला.
कट. कडूसकर, विसरलात?
नाही साहेब, इथं हशा येतो.
कुणी हसलं नाही. हसायची बंदीच होती,
आवाज टेपवर जातो.

त्यानंतर वहीत तो नुसता उतरत गेला:
खाकी चड्डी. पोस्टमनची पिशवी. कंपाउंडरचा डगला.
व्याह्याच्या पायावर ठेवायची पगडी;
त्या एका पगडीवर अकरा मुली उजवल्या त्यानं.
पडद्यावरच्या नावांत शेवटून दुसरा, तोही ‘कुडूसकर’.
म्हणालो साहेबांना, उकाराचे वेगळे पैसे द्या,
असं सांगून तो थांबला.
मी हसलो, जरा उशिरा.
काउंटरवर त्याची दोन बोटं वाजत होती. मोजत होता.

गेल्या श्रावणात त्याचा मुलगा आला.
पट्टा, शिट्टी, पगडी, सगळं इस्त्री करून.
कोट नव्हता. वैकुंठात अंगावरच होता, म्हणाला.
अनामत पाच रुपये. ती ओळ मी खोडलेली नाही.

एकदा आम्ही दोघं मॅटिनीला गेलो होतो.
त्याचं वाक्य आलं, आणि लगेच
हिरॉइनचा चेहरा. थांबणं कापलेलं.
शेजारचा एक माणूस हसला खरा,
पण तोवर ती रडायला लागलेली,
चारी बाजूंनी लोक त्याला शूः करू लागले.
ठका अंधारात त्याच्याकडं झुकला.
पाव्हणं, म्हणाला,
तुमचं बरोबर आहे.