काळ्याच्या आधी

वखारभागातल्या आरवाडे प्रेसला
मी कटिंगवर होतो, सत्त्याऐंशी साली.
माधवनगरच्या गोळीवाल्याची ऑर्डर आली,
अठ्ठेचाळीस पैलवान, दोन शीटांवर.
लिमलेटच्या पुड्यात एकेक पैलवान निघणार,
पोरं जमवणार, बदलणार, भांडणार.

पुढं फोटो. मागं गाव, तालीम, वजन, आवडता डाव.
प्रुफं मीच वाचली.
वजन सगळ्यांनी वाढवून सांगितलेलं.
डावात मात्र कुणी लबाडी केली नव्हती:
ज्याचा घिस्सा त्याचा घिस्सा, ज्याची ढाक त्याची ढाक.
एक्केचाळीस नंबरचा फोटो आलाच नाही,
तिथं नुसती लाल चौकट सोडली.

पिवळा चढला. तांबडा चढला. निळा चढला.
काळा चढवायचा त्या सकाळी
गोळीवाल्याच्या दारावर बँकेचं कुलूप.
मालक म्हणाले, मशीन धुवा.

काळ्याशिवाय माणूस कसा दिसतो, तेव्हा कळलं.
मिशा नाहीत. बुबुळं धुरकट.
नाव नाही, मागची बाजू कोरी.
शीटा हळदीच्या पेठेत गेल्या, नमुन्याच्या पुड्या बांधायला.
एक मी गुंडाळून घरी नेली.
का नेली, ते बायकोनं बऱ्याचदा विचारलं.

परवा कवलापूरचा जोतिराम वाघमोडे आला,
नंबर चौतीस, निकाल डाव,
आता गुडघ्याला पट्टा, हातात दुधाची रिकामी किटली.
कुणीतरी सांगितलं होतं त्याला.
शीट पसरली. चोवीस जणांत
त्यानं आधी कान शोधले, मग स्वतःला.

मी पट्टी-कटर काढलं. म्हटलं, तुमचं तुम्हाला देतो.
त्यानं हात धरला. पकड अजून तीच.
शेजारी पस्तीस नंबर, बुधगावचा गुलाब मुजावर,
मध्ये तीन मिलिमीटर पांढरी जागा.
"कुंडलला पाऊण तास धरलेलं आमी.
अंधार पडला म्हणून सोडवली.
कापू नगंस."

मग माझ्या खिशातलं बॉलपेन घेतलं
आणि चष्मा कपाळावर सारून, जीभ दातात धरून
गुलाबच्या ओठावर मिशी काढली.
"उजवीकडं जरा पीळ जास्ती हुता त्याच्या."
स्वतःची काढली नाही.
पेन मात्र घेऊन गेला.