उठबस

महाप्यात, सातव्या मजल्यावर,
दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी
मी टेबलाखाली चप्पल काढते
आणि उजव्या घोट्याने हवेत शून्य काढते.
दहा शून्यं घड्याळाच्या दिशेने, दहा उलट.
वर, टेबलाच्या पातळीवर,
मी एका मोडलेल्या मांडीचा क्लेम तपासते आहे:
माणूस जिन्यावरून घसरला की ढकलला गेला,
कागदांना ठाऊक नाही.

फिजिओथेरपिस्ट कोपरखैरण्याची, नेर्लेकर,
माझ्या निम्म्या वयाची.
तिने विचारलं, दिवसभर काय करता?
म्हटलं, बसते.
तिने तेवढंच लिहून घेतलं.
एकोणीस वर्षं, दोन बढत्या,
एका क्रियापदात मावल्या.

मग चित्रांचा कागद दिला.
चित्रातल्या बाईला मान आहे, खुर्ची आहे,
चेहरा नाही.
ती खांदे कानांपर्यंत नेते, धरते, सोडते.
मीही करते.
समोरून रुमाव विचारतो,
"काय गं, तुलाही माहीत नाही?"

चौथीत गृहपाठ विसरले तेव्हा
पंचवीस उठाबशा फुकट मिळाल्या होत्या.
आता त्याच पंचवीस
नेर्लेकर सहाशे रुपयांना देते.

आई शेजारणींना सांगायची,
आमची स्वतःच्या पायावर उभी आहे.
ते पाय दिवसाचे नऊ तास
पालथ्या घातलेल्या कचऱ्याच्या डब्यावर असतात,
हे तिला कधी सांगितलं नाही.

टाचांच्या व्यायामाला मात्र उभं राहावं लागतं,
आणि उभं राहिलं की जो तो विचारतो, निघालीस?
म्हणून मी आगीच्या जिन्यात जाते,
सहावा आणि सातवा यांच्या मध्ये.

आज तिथे शेलार होते, गेटवरचे.
सात ते सात उभं राहायचं,
खुर्ची द्यायची नाही,
असं म्हणे कंत्राटातच आहे.
पायरीवर बसले होते, मोजे बुटांत खोचून,
आणि अंगठ्यांनी पोटरी दाबत होते
खालून वर, खालून वर,
महिनाअखेरीला आपण टूथपेस्ट दाबतो तशी.

मला बघून उठायला लागले.
"बसा," मी म्हटलं.
"पाचच मिनिटं, मॅडम. कुणाला सांगू नका."
"मीही पाचच मिनिटं. तुम्हीही नका सांगू."

कठडा धरला. टाचा उचलल्या.
झरोक्यातून पारसिकचा डोंगर दिसतो,
खाणीने एका अंगाने खाल्लेला.
बसलाय की उठायला निघालाय,
इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

अकरापर्यंत मोजलं आणि फोन थरथरला.
मोडलेली मांडी, परत.
बघितलं, खिशात टाकला,
आणि आकडा हरवला.

पायरीवरून, दुसरी पोटरी हातात घेत,
माझ्याकडे न बघता
शेलार म्हणाले, "बारा."