विषय काढताना

विनिपेगमध्ये उणे एकतीस, खिडकीला आतूनही बर्फ,
आणि मी पोटासाठी विषय काढते.
एका ओळीचे. चाळीस-पंचेचाळीस अक्षरांचे,
पुढचं फोन कापून टाकतो.
कंपनी बुटांची. मेंढीच्या लोकरीचं अस्तर,
तळाला खरखरीत रबर. बूट चांगले आहेत,
हे आधीच सांगते, कारण
खोटं बोलायची खरं तर गरजच नव्हती.

तरी लिहिलंय मी: "शेवटचे तीन तास!"
सेल हॅलोविनपासून चालू होता.
लिहिलंय: "फुकट", आणि टपालाचे एकोणीस डॉलर
अगदी तळाशी, राखाडी अक्षरांत.
लिहिलंय: "फक्त तुमच्यासाठी",
बासष्ट हजार जणांना, एका बटणात.

देल्फिन रोबिदू, आमची वकील,
ऑफिसात बूट काढून मोज्यांवरच फिरते,
माझ्या ओळींवर पेन्सिलीनं बारीक फुल्या मारते.
"विषयात जे म्हणशील ते पत्रात सापडायला हवं.
पत्र कुणाचं, पत्ता कुठला,
आणि बाहेर पडायचं दार. उघडणारं हवं,
भिंतीवर रंगवलेलं नको."
तिच्याकडे कलमं आहेत, दंडाचे आकडे आहेत.
मर्व्हिन पेनरकडे टक्के: किती जणांनी उघडलं.
माझी खुर्ची दोघांच्या मधे.

डिसेंबरात देल्फिन रजेवर होती, तेव्हा
मी लिहिलं: "उत्तर: तुमच्या ऑर्डरबाबत."
कुणी काही विचारलं नव्हतं. कसली ऑर्डर नव्हती.
एक्केचाळीस टक्के. पेनरनं डोनट आणले.
मी दोन खाल्ले.

मग गिमलीहून, सरोवराकाठून, एक उत्तर आलं.
एग्गर्ट बार्डाल. हा पत्ता बायकोचा,
मी अधूनमधून उघडून बघतो, त्यानं लिहिलं.
सिग्रून सप्टेंबरात गेली.
तिनं काय मागवलं होतं, कळेल का?
पैसे द्यायचे राहिले असतील तर देतो.

पैसे द्यायचे राहिले असतील तर.

दोन दिवस मी विषय टाळला.
सोपं होतं की: हो, मागवले होते, पाठवते.
चांगलं खोटं. उबदार, लोकरीच्या अस्तराचं.

तिसऱ्या दिवशी नोंदी उघडल्या.
मागवलेलं: काही नाही.
पण टोपलीत, ऑगस्टमधल्या एका मंगळवारी,
रात्री सव्वाअकराला,
पुरुषांचे, तपकिरी, दहा नंबर, रुंद पाऊल.
तिथून पुढे गेली नाही ती. टोपली तशीच.

देल्फिनला विचारलं, हे सांगता येतं का त्याला?
ती कपाटाला टेकून बराच वेळ उभी,
मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर.
"आधी डिसेंबरची ओळ कुणाची ते सांग."
सांगितलं.
"मग आधी ते लिही," म्हणाली,
आणि पेन्सिल कानामागे ठेवून दिली.

तर विषय असा झाला:
"ऑर्डर नव्हती. ते आम्ही खोटं लिहिलं होतं."
अक्षरांत बसला. काही कापलं गेलं नाही.
खाली ती मंगळवारची रात्र, तो रंग, ते माप.
किंमत लिहिली नाही.
तळाशी कंपनीचा पत्ता, आणि दार.

उघडलं, हे मला दिसतं.
सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी.
सातला परत. मग दुपारी दोनदा.
उत्तर नाही.
गुरुवारी त्यानं दार वापरलं.
कायदा दहा दिवस देतो नाव काढायला,
मी त्याच संध्याकाळी काढलं, हातानं,
सिग्रून बार्डाल, एकेक अक्षर वाचून.

मग जानेवारीची ओळ लिहायला बसले:
"बूट उरलेत. सहा नंबर आणि तेरा. मधले संपले."
हे कोण उघडणार, पेनर म्हणाला.

अकरा टक्के.
बहुतेक मोठ्या पायांची माणसं.