सदर इसमाचे ओठ हलले नाहीत

फाइल टपालाने आली, बाबा गेल्यावर अकरा वर्षांनी.
एकशे सदतीस पानं.
निम्म्यांवर डांबर फासावं तशी काळी शाई.

क्लीव्हलंड, मार्च एकोणीसशे बावन्न.
'सदर इसम, ऑस्कर ब्रँडवाइन, धंदा शब्दभ्रमकार,
रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी मंचावर आला.
मांडीवर लाकडी बाहुला. नाव पिगट. डोळे हिरवे.
बाहुला म्हणाला, साहेब, माझ्या पाठीत कुणाचा हात आहे
ते मला निदान ठाऊक आहे. तुमच्या?
हशा, अंदाजे नऊ सेकंद.
वरील वाक्य बाहुल्याने उच्चारले.
सदर इसमाचे ओठ हलले नाहीत.'

मला आठवतं ते वेगळंच.
शनिवारी सकाळी पिगटच्या जबड्यात
शिवणयंत्राचं तेल सोडणारे बाबा,
आणि खिडकीसमोर उभी ती करडी प्लिमथ.
आतल्या माणसाला आई एकदा कॉफी देऊन आली.
तेही आहे फाइलीत: 'कॉफी स्वीकारली नाही.'
खोटं.
कप परत आला होता रिकामा, तळाशी सिगारेटचं थोटूक.

समितीने विचारलं, बोलविता धनी कोण?
नावं सांगा.
जन्मभर तोंड मिटून बोललेला माणूस
त्या दिवशी तोंड मिटून
गप्प बसला.

मग क्लब गेले, रेडिओ गेला.
टोलेडोच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे गुडघे टेकून
बाबा बुटांची मापं घेऊ लागले.
पिगट ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात.
एकदाच, मी तापाने फणफणले होते तेव्हा,
रात्री तीनला ट्रंकेतून आवाज आला:
औषध घे कार्टे, नाहीतर तुझंही नाव सांगेन.
बाबा दारात उभे होते.
ओठ दिसले नाहीत, अंधार होता.

त्यांच्या खेळाची तबकडी नाही, फीत नाही.
जे काही विनोद उरलेत ते या टाइपरायटरने टिपलेले,
स्वल्पविरामांसकट,
एका शब्दाचीही गंमत न कळल्यासारखे.

पान एकोणनव्वद. सगळं काळं.
तळाशी एकच ओळ सुटलीय:
'ओळख उघड होऊ नये म्हणून
खाली सही करणारा हसला.'

पुढच्या पानावर पुन्हा तेच.
त्याच्या पुढच्याही.

सतरा वेळा. मी मोजलं.